बहिणींनी नाक मुरडलेला भटारखाना

गेटवे ऑफ इंडियासमोर काढलेला आमचा एक फोटो बरीच वर्षं माजघराच्या भिंतीवर होता. १९८४ सालचा. माझ्या लग्नाला तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. फोटोत हे, सासूबाई, धाकटी नणंद आणि मी. पायाशी कबुतरं. सगळे कसे छान कॅमेऱ्याकडे बघताहेत आणि मी मात्र मान वळवून भलतीकडेच. पैसे मोजून काढलेला फोटो हिने वाया घालवला, हे सासूबाईंचं पालुपद शेवटपर्यंत होतं.

मी बघत होते ताजमहाल हॉटेलकडे. तो मधला मोठा लालसर घुमट, कोपऱ्यांवरचे छोटे घुमट, ओळीने खिडक्या आणि सज्जे. आमच्या तालुक्याच्या गावात कचेरीची दुमजली इमारत म्हणजे मोठी! आत एकदा डोकावून येऊ या का, असं मी ह्यांना हळूच विचारलं. ह्यांनी आधी स्वतःच्या चपलांकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या पिशवीकडे. पिशवीत घारापुरीला जाऊन खायच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. ते आपलं काम नव्हे, एवढं बोलून सासूबाई लाँचच्या दिशेने चालायलाही लागल्या. आम्हाला कुणी अडवलं नव्हतं बरं का. आमचं आम्हीच ठरवून टाकलं.

त्या रात्री लालबागला ज्यांच्याकडे उतरलो होतो, त्या चुलतसासऱ्यांनी मला ताजची गोष्ट सांगितली. तुमच्यापैकी अनेकींनी ती ऐकली असेल. कुणी एक गोरा आर्किटेक्ट होता. त्याने नकाशा काढून दिला आणि तो विलायतेला गेला. परत येऊन बघतो तर काय, इमारत उलटी बांधलेली! पुढची बाजू मागे आणि मागची पुढे. त्या धक्क्याने त्याने म्हणे जीव दिला. कुणी सांगतं घुमटावरून उडी मारली, कुणी सांगतं गोळी झाडून घेतली. मला ही गोष्ट इतकी आवडली, की गावी आल्यावर मी ती भिशीत सांगितली, हळदीकुंकवाला सांगितली, पुढे मुलांना सांगितली. वीस-पंचवीस वर्षं मी ती इमानेइतबारे पसरवली.

मग मुलगी मुंबईला नोकरीला लागली. एका सुट्टीत मी तिच्याकडे गेले असताना ती म्हणाली, की चल आई, आज ताजमध्ये चहा पिऊ. पहिल्या मजल्यावर खिडकीपाशी बसलो, समोर समुद्र आणि गेटवे. बिल तिने मला दाखवलंच नाही, आणि तेच बरं झालं. मी मोठ्या ऐटीत तिला ती उलट्या इमारतीची गोष्ट सांगायला घेतली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, की त्या आर्किटेक्टचं नाव काय होतं? मला सांगता येईना. इतकी वर्षं ज्याला मी घुमटावरून ढकलत होते, त्याचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

गावी परत आल्यावर वाचनालयातून जमशेटजी टाटांविषयी मिळेल ते वाचत गेले. शाळेच्या पुस्तकात भेटलेले टाटा म्हणजे फेटेवजा पगडी, पांढरी दाढी आणि पोलाद. इथे भेटला तो माणूस जरा निराळाच निघाला.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ चा, गुजरातमधल्या नवसारीचा. नवसारी तेव्हा बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होतं. घराणं पारशी धर्मगुरूंचं. पिढ्यान् पिढ्या अग्यारीत पूजाअर्चा करणारं. वडील नसरवानजी हे त्या घरातून बाहेर पडून धंद्यात शिरलेले पहिले. मुलाला त्यांनी तेराव्या-चौदाव्या वर्षी मुंबईला आणलं आणि पुढे एल्फिन्स्टन कॉलेजात घातलं. विद्यार्थी असतानाच हिराबाईंशी लग्न झालं. १८५८ मध्ये शिक्षण संपवून ते वडिलांच्या पेढीत लागले, हाँगकाँगला जाऊन आले. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

आणि मग कापसाने घात केला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेला येईना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत जो तो शेअर घ्यायला धावला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि एका फटक्यात सगळं कोसळलं. मोठमोठे सावकार रस्त्यावर आले. टाटांची पेढीही बुडीत निघाली. जमशेटजी त्यावेळी लंडनमध्ये होते, वय सव्वीस. हातातल्या हुंड्यांना कवडीची किंमत उरलेली नव्हती. पळून जाण्याऐवजी ते स्वतः देणेकऱ्यांपुढे जाऊन उभे राहिले आणि सगळी परिस्थिती खरी खरी सांगून टाकली. त्या लोकांनी पेढी गुंडाळण्याच्या कामावर त्यांचीच नेमणूक केली! ज्याचं दिवाळं निघालंय त्याच्याच हाती किल्ल्या द्याव्यात, हे मला फार बोलकं वाटतं. घरातलं राहतं घरही त्या कर्जापायी विकावं लागलं, असं वाचलं तेव्हा मला हिराबाई आठवल्या. त्यांच्याविषयी पुस्तकांत दोन ओळींच्या वर काही सापडत नाही. पण पदरात लहान मूल, नवरा सातासमुद्रापलीकडे आणि घर विकायला काढलेलं, हे आपल्याला काही कुणी समजावून सांगायला नको.

१८६८ मध्ये एकवीस हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी स्वतःचा धंदा सुरू केला. चिंचपोकळीला एक बुडालेली तेलाची गिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली आणि नफ्यात विकली. मग १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरला एम्प्रेस मिल सुरू झाली. सगळे मुंबईत गिरण्या काढत होते, हे कापूस पिकतो तिथे गेले. त्या गिरणीत कामगारांना हवा नीट मिळावी म्हणून यंत्रं बसवली होती. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा फंड सुरू केला, १८९५ मध्ये अपघात झाला तर भरपाई. तसा कायदा व्हायला आपल्याकडे अजून बरीच वर्षं होती. विदर्भातल्या मैत्रिणींना एम्प्रेस मिलची साडी-धोतरं आठवत असतील, निदान आईच्या तोंडून ऐकलेली तरी.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती आपली आहे. १८९२ मध्ये जमशेटजींनी हुशार मुलांना परदेशी शिकायला पाठवण्यासाठी एक निधी काढला. त्याच्या अगदी सुरुवातीच्या मानकऱ्यांत होत्या दोन डॉक्टर बायका, फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर. ज्या काळात मुलीने शाळेत जायचं म्हटलं तरी घरात रडारड व्हायची, त्या काळात!

तर असा हा माणूस १८९०च्या सुमारास पन्नाशी ओलांडलेला, पैसा भरपूर, मान भरपूर. डोक्यात तीन मोठ्या कल्पना. देशात पोलाद तयार व्हावं, धबधब्याच्या पाण्यावर वीज व्हावी आणि विज्ञान शिकवणारी मोठी संस्था निघावी. त्यासाठी देशोदेशी फिरणं, पत्रव्यवहार, सरकारदरबारी खेटे. हॉटेल ह्या यादीत कुठेच नव्हतं.

ते आलं प्लेगनंतर.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडू लागले. डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी तो ओळखला. त्यानंतर जे झालं ते करोनाच्या टाळेबंदीतून गेलेल्या आपल्याला आता चांगलं कळेल. लाखो लोक मिळेल त्या गाडीने, बोटीने, पायी शहर सोडून गेले. बाजार ओस पडले. रोग पुण्याला पोचला आणि तिथे रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. मुंबईचं नाव काढलं की परदेशी बोटी आणि व्यापारी बिचकायला लागले. हे शहर आता संपलं, असं मानणारे शहाणे बरेच होते.

आणि नेमकं त्याच वेळी, १८९८ मध्ये, जमशेटजींनी अपोलो बंदरावर समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर सुमारे अडीच एकर जागा भाड्याने घेतली. कंपनीच्या नावाने नव्हे, स्वतःच्या खिशातून. भागीदारांना नाही विचारलं, मुलांनाही आधी पत्ता लागू दिला नाही म्हणतात. कशासाठी, तर हॉटेल बांधायला!

घरात ह्याचं स्वागत कसं झालं असेल, विचार करा. त्यांच्या बहिणींनी सरळ नाक मुरडलं. एकीकडे बंगलोरला विज्ञानाची संस्था काढतोस, एकीकडे पोलादाचा कारखाना काढायच्या गोष्टी करतोस आणि आता हा भटारखाना कशाला, असा त्यांचा सवाल होता. भटारखाना हा शब्द आपल्याकडे लग्नाच्या आचाऱ्यांच्या स्वयंपाकघराला वापरतात, त्यामुळे मला त्यातली बोच लगेच कळली. धर्मगुरूंच्या घरातला मुलगा, एवढा मोठा गिरणीमालक, आणि लोकांच्या जेवणाखाण्याची, झोपण्याची सोय करणार? पैसे घेऊन? मला त्या बहिणींचा राग येत नाही. लोकांना रांधून वाढणं हे काम घरात बाईने केलं तर कर्तव्य आणि बाहेर कुणी केलं तर हलकं, असंच तेव्हा होतं. आता तरी पुरतं बदललंय का?

हॉटेल का काढलं याचीही एक प्रसिद्ध गोष्ट आहे. त्या वेळचं मुंबईतलं नावाजलेलं हॉटेल म्हणजे काळा घोड्याजवळचं वॉटसन. त्याचा सगळा लोखंडी सांगाडा विलायतेत ओतून, सुटे भाग बोटीने आणून इथे जोडला होता. आपल्या देशात सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तो तिथेच, ७ जुलै १८९६ ला. गोष्ट अशी सांगतात, की जमशेटजी तिथे गेले, हिंदी माणसाला प्रवेश नाही म्हणून त्यांना दारातून परत पाठवलं आणि त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, की याच्यापेक्षा भारी हॉटेल बांधून दाखवतो. सिनेमात शोभेल असा प्रसंग आहे. पण काही अभ्यासकांना तो पटत नाही, आणि खरं सांगायचं तर सगळं वाचल्यावर मलाही नाही पटला. अपमानाचा सूड म्हणून माणूस फार तर इमारत बांधेल. पण पंखा अमेरिकेचा घ्यावा की दुसरीकडचा, सोड्याच्या बाटल्या कुठे भरायच्या, चांदीची भांडी कशाने उजळायची, याच्यात तो आजारी असताना जीव घालणार नाही.

जमशेटजींनी तो घातला. स्वतः पॅरिस, बर्लिन, ड्युसेलडॉर्फ, लंडन फिरून त्यांनी सामान खरेदी केलं. नवीन संसार मांडताना आपण जशी यादी करतो तशीच ती. पंखे अमेरिकेचे, लिफ्ट जर्मनीच्या, न्हाणीघरं तुर्की पद्धतीची. मोठ्या दिवाणखान्याचे लोखंडी खांब पॅरिसहून. बर्फ करायचं यंत्र, कपडे धुवायची सोय, ताटल्या धुवायचं यंत्र, औषधाचं दुकान, पोस्ट आणि राहता डॉक्टर. वीजही हॉटेलची स्वतःची. मुंबई शहराला वीज मिळू लागली १९०५ मध्ये, ताजमध्ये त्याच्या दोन वर्षं आधीच दिवे लागले. सगळा खर्च गेला अडीच लाख पौंडांच्या घरात. हे हॉटेल आपल्याला मालक म्हणून मिरवायला नको आहे, लोक हिंदुस्थानात यावेत आणि मुंबईचं भलं व्हावं एवढंच हवं आहे, अशी त्यांची भूमिका होती. ज्या गावाला सगळे टाकून चालले होते, त्या गावात त्यांनी पाहुण्यांसाठी घर बांधायला काढलं. माझ्या मते खरी गोष्ट ही आहे. वॉटसनच्या दारातली नव्हे.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येते. आर्किटेक्टचं नाव.

त्यांचं नाव रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य. गोरा साहेब वगैरे कुणी नाही, आपला मराठी माणूस! बोरीबंदरचं व्हीटी स्टेशन, म्हणजे आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, फ्रेडरिक स्टीव्हन्सच्या हाताखाली उभं राहिलं तेव्हा हेच वैद्य तिथे सहायक अभियंता होते. २००४ मध्ये ज्या स्टेशनला युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं, ते वैद्यांनी पायापासून वर चढताना पाहिलं होतं. ताजचा आराखडा त्यांनी आणि डी. एन. मिर्झा यांनी मिळून केला. आणि काम चालू असतानाच, १९०० मध्ये, वैद्य वारले. मलेरियाने. मग डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज आर्किटेक्टने राहिलेलं काम पुरं केलं.

म्हणजे बघा, एक आर्किटेक्ट खरोखरच गेला होता. पण इमारत उलटी झाली म्हणून नाही, डास चावून. आणि लोकांनी त्याच्या जागी एक बिननावाचा साहेब बसवला, त्याला विलायतेहून आणला आणि घुमटावरून उडी मारायला लावली. ज्या माणसाने ती इमारत मनात प्रथम पाहिली, त्याचं नाव पुसलं गेलं ते कुणी मुद्दाम दुष्टपणाने नव्हे. माझ्यासारख्या गोष्टीवेल्हाळ माणसांनीच ते पुसलं. हे वाचलं त्या दिवशी मला दुपारची झोप लागली नाही.

इमारत उलटी मुळीच नाही. वरून पाहिली तर ती इंग्रजी यू अक्षरासारखी आहे. यूची पाठ पूर्वेला, बंदराकडे. उघडी बाजू पश्चिमेला, शहराकडे. त्या बाजूला बाग होती आणि मुख्य दरवाजाही तिकडेच. कारण साधं आहे. पाहुणे बग्गीतून शहराच्या बाजूने येणार, तर दार तिकडे हवं. मुंबईला वारा येतो तो पश्चिमेकडून, तोही त्या उघड्या बाजूने आत शिरावा. आणि समुद्र दिसायला हवा तो खोल्यांमधून, म्हणून खोल्या बंदराकडे. आपण घर बांधताना माजघर कुठे, परसदार कुठे, वारा कुठून येतो हे बघतोच की. पुढे मोटारी आल्या, जुन्या बागेच्या जागी पोहण्याचा तलाव झाला, दार समुद्राच्या बाजूला आलं, म्हणून आता ती उलटी वाटते. शिवाय गेटवेही तेव्हा नव्हता. त्याचं उद्घाटन झालं १९२४ मध्ये, ताजनंतर तब्बल एकवीस वर्षांनी. आमच्या फोटोत गेटवे पुढे आणि ताज मागे आहे, पण वयाने ताजच थोरला.

इमारतीची ढब सरमिसळ आहे. गॉथिक कमानी, राजस्थानी झरोके, मुसलमानी धाटणीचे घुमट, इटलीतल्या वाड्यांची आठवण करून देणाऱ्या ओळी. कागदावर हे वाचलं की खिचडी वाटते, प्रत्यक्षात डोळ्यांना कुठे खटकत नाही. मधला घुमट सुमारे २४० फूट उंच. बंदरात येणाऱ्या बोटी त्याची खूण धरून चालायच्या. पण मला विचाराल तर आतला जिना. मी चहा पिऊन झाल्यावर मुलीला म्हटलं, की लिफ्ट नको, जिन्याने जाऊ. हा जिना मधल्या घुमटाखालून मजल्यामजल्याने वर चढत जातो आणि खाली आधाराला खांब नाही. पायऱ्या एका बाजूने भिंतीत घट्ट रोवलेल्या, दुसरी बाजू अधांतरी. तो उभा केला खानसाहेब सोराबजी रतनजी कॉन्ट्रॅक्टर यांनी. शंभरावर वर्षं लोक त्यावरून चढताहेत, उतरताहेत. मी कठडा धरून सावकाश उतरले. एक तर गुडघे, आणि दुसरं म्हणजे घाई करावीशी वाटेना.

१६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडलं. सगळं नव्हे, एकच बाजू. घुमट अजून अपुराच होता. पहिल्या दिवशी पाहुणे किती, तर सतरा! खोलीचं भाडं दहा रुपये, पंखा आणि आतच न्हाणीघर हवं असेल तर तेरा. एवढा आटापिटा करून सतरा पाहुणे म्हटल्यावर बहिणी काय म्हणाल्या असतील, ते कुठे लिहिलेलं नाही.

जमशेटजींची तब्येत तोवर खालावलेली होती. खाण्याचे ते शौकीन, आणि हृदयाने दगा द्यायला सुरुवात केलेली. १९०४ च्या सुरुवातीला उपचारांसाठी ते युरोपला गेले ते परत आलेच नाहीत. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम इथे ते गेले. इंग्लंडमध्ये ब्रुकवुडच्या दफनभूमीत त्यांची समाधी आहे. ताज उघडल्याला जेमतेम पाच महिने झाले होते. घुमट पुरा झालेला त्यांनी बघितला नाही.

आणि ती बाकीची तीन स्वप्नं? एकही त्यांच्या हयातीत खरं झालं नाही. पोलादाची कंपनी निघाली १९०७ मध्ये, बंगलोरची विज्ञान संस्था १९०९ मध्ये. लोणावळ्याच्या पाण्यावर खोपोलीला वीज तयार झाली १९१५ मध्ये. ती सगळी त्यांच्या मुलांनी, दोराबजी आणि रतनजींनी, आणि नातलगांनी तडीस नेली. (पुढे मुळशीच्या धरणात ज्यांची भातखाचरं गेली त्या मावळातल्या बायाबापड्यांचं दुःख मी विसरलेले नाही. सेनापती बापटांच्या त्या सत्याग्रहाविषयी एकदा स्वतंत्रच लिहायला हवं.) पोलादाचं गाव कसं असावं, रुंद रस्ते, सावलीची झाडं, खेळायला मैदानं, देवळं, मशिदी, चर्च यांना जागा, हे सगळं जमशेटजींनी १९०२ मध्येच मुलाला पत्रातून कळवून ठेवलं होतं. ते गाव उभं राहिलेलं बघायला ते नव्हते. डोळ्यांनी उभं राहिलेलं पाहिलं, ते एकच, तेही अर्धवट. बहिणींनी हिणवलेला भटारखाना.

त्या भटारखान्याने पुढे काय काय बघितलं! पहिल्या महायुद्धात तिथे सहाशे खाटांचं इस्पितळ झालं. सर दिनशा पेटिटांची लाडकी लेक रत्ती, जिनांशी लग्न करण्यासाठी बापाचं घर सोडून गेलेली, संसार मोडल्यावर शेवटच्या दिवसांत इथल्याच खोल्यांत राहिली आणि २० फेब्रुवारी १९२९ ला, तिच्या एकोणतिसाव्या वाढदिवसाच्या दिवशी गेली. सरोजिनी नायडूंचा मुक्काम मुंबईत असला की बहुतेक इथेच. हॉटेलशेजारी नवी उंच इमारत आली १९७३ मध्ये. १९९५ मध्ये मुंबईत वारसा इमारतींचे नियम आले, तेव्हापासून जुन्या ताजच्या दर्शनी भागाला मनमानी हात लावता येत नाही. वॉटसनचा सांगाडाही त्या यादीत आहे, पण २००५ मध्ये त्याचा एक भाग कोसळला आणि पुढे तो रिकामा करावा लागला. यादीत नाव असणं वेगळं आणि रोज कुणी झाडझूड करणं वेगळं. जुना वाडा ज्यांच्या पदरात आहे त्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र मी टीव्हीसमोर बसून काढली. तुम्हीही काढली असेल. घुमटाखालून धूर आणि ज्वाळा निघताना दिसत होत्या. हॉटेलमध्ये एकतीस जण गेले, पाहुणे आणि तिथे काम करणारी माणसं. वाढपी, आचारी, टेलिफोनवरच्या मुली पाहुण्यांना सोडून पळाल्या नाहीत. मागच्या वाटेने एकेकाला बाहेर काढत राहिल्या. काहींनी त्यात जीव गमावला. दुसऱ्याची उठबस करणं हलकं काम, असं त्या रात्रीनंतर कुणी म्हणू धजलं नसेल. जुनी इमारत दुरुस्त करायला एकवीस महिने लागले. जळलेलं लाकूड, काचा, छताची नक्षी जुन्या कामाशी जुळवून पुन्हा केली आणि १५ ऑगस्ट २०१० ला ती उघडली. गेलेल्यांची नावं आता आत एका स्मारकावर आहेत. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. जिन्याच्या तळाशी जमशेटजींचा अर्धपुतळा आहे, तो त्या आगीतून वाचला.

परवा धाकट्या नणंदेचा फोन आला. फोटोतली तीच, आता तिलाही नातवंडं आहेत. दिवाळीच्या सुट्टीत त्यांना घेऊन मुंबईला चाललेय म्हणाली, आणि वहिनी, ती आर्किटेक्टने उडी मारल्याची गोष्ट तू कशी सांगायचीस ती पुन्हा सांग ना, मुलांना मजा येईल. मी तिला सांगितलं, की उडी नाही, मलेरिया. ती अगदी हिरमुसली. यापेक्षा आधीची बरी होती, म्हणाली. मी म्हटलं, असेल. पण गाडीतून उतरलीस की आधी पोरांना व्हीटी स्टेशन नीट वर मान करून बघायला लाव, मग गेटवेला ने, आणि दोन्हीकडे एकच नाव सांग. मग तिच्याकडून फोनवरच ते तीनदा म्हणून घेतलं. सीताराम खंडेराव वैद्य.